आभाळातला दगड आणि कॉलरवरची खूण

भोंगीने बोटीत बसायला साफ नकार दिला, तो दिवस हॉटेलच्या चादरींचा होता. म्हणजे आबांच्या लाँड्रीत पाय ठेवायला जागा नसण्याचा दिवस. बॉयलर धुसफुसत होता, हौद काठोकाठ भरला होता, इस्त्रीच्या टेबलाशी मावशी पदराने घाम पुसत होती. आणि या सगळ्याच्या मधोमध, मळक्या टेबलक्लॉथच्या ढिगावर चढून आबांची नात जाहीर सभा घ्यावी तशी उभी राहिली.

"मी बोटीत बसणार नाही," ती म्हणाली. "मी तिकडे येणारच नाही."

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. जन्मली तेव्हा अशी काही रडली की धक्क्यावरच्या बोटीचा भोंगा गप्प बसावा. तेव्हापासून ती भोंगी. आता तिसरीत होती आणि रडणं बरंच कमी झालं होतं, पण आवाज तोच.

तिकडे म्हणजे पाण्यापलीकडच्या गावी. भोंगीचे वडील तिथल्या गोदीत क्रेन चालवायचे आणि सुट्टी मिळेल तेव्हा येऊन जायचे. आई, म्हणजे आबांची लेक, नर्स. तिला आता तिथल्याच दवाखान्यात नोकरी मिळाली होती. इतकी वर्षं दोन काठांना दोन तोंडं करून राहिलेलं घर एकदाचं एका छपराखाली येणार होतं. शनिवारची बोट ठरली होती. आबांनाही "चला" म्हणून झालं होतं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. "मी आलो तर या गावाने मळके कपडे घालून हिंडायचं का?"

"का गं नाही येणार?" आबांनी हौदातली चादर पिळता पिळता विचारलं.

"समुद्रात दगड पडतात. आभाळातून. बाईंनी शाळेत सांगितलं. पडताना जळतात त्या उल्का. आणि जळून उरतात, खाली पोचतात, त्या अशनी. आणि जमिनीपेक्षा समुद्र जास्त आहे, म्हणून जास्त समुद्रातच पडतात. आणि मोठी अशनी पडली की घरापेक्षा उंच लाट येते."

"हे सगळं बाईंनी सांगितलं?"

"लाटेचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, येऊ शकते."

मावशीने इस्त्री उभी केली. ही मावशी कुणाच्या नात्यातली नव्हती. लाँड्रीत इतकी वर्षं इस्त्री करत होती की सगळ्या गल्लीची मावशी झाली होती. "घ्या," ती म्हणाली. "आमच्या वेळी शाळेत पाढे शिकवायचे. आता आभाळ कसं कोसळतं ते शिकवतात."

तेवढ्यात भोंगीची आई दारात आली. हातात दोरी, केसांत धूळ, सामान बांधता बांधता आलेली. लेकीचं शेवटचं वाक्य तिने ऐकलं होतं. "झालं सुरू? काल म्हणे शाळा आवडणार नाही. परवा म्हणे तिकडचं पाणी खारट असेल. आज आभाळातले दगड! आबा, मला सोमवारी कामावर हजर व्हायचंय. उचलून नेईन हिला, सांगून ठेवते."

"ने ना उचलून," भोंगी म्हणाली. "मी ओरडेन."

ती ओरडली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आई कपाळावर हात मारून निघून गेली. जाताना आबांकडे बघून गेली, आणि त्या बघण्याचा अर्थ एवढाच होता की तुमचं ऐकते ती, तुम्हीच बघा.

आबा चादर पिळत राहिले. त्यांच्या मनात मात्र एक गोष्ट आली, आणि तिची त्यांना लाज वाटली. पोरगी नाहीच गेली तर? आई पुढे जाईल, भोंगी इथेच राहील, शाळेतून येऊन याच ढिगावर बसून दोरे ओवेल... त्यांनी चादर इतकी पिळली की मावशी म्हणाली, "फाटेल हो ती. हॉटेलवाला नवी चादर मागेल, तुमचा शर्ट नाही चालायचा त्याला."

दोऱ्यांचं काम भोंगीचं आवडतं. आबांच्या लाँड्रीत कपडा आला की पाण्यात जायच्या आधी त्याला खूण घालायची, कॉलरच्या आत नाहीतर चादरीच्या कोपऱ्यात. रंगीत दोऱ्याचे दोन-चार टाके. प्रत्येक घराची खूण वेगळी. दवाखान्याची हिरवी फुली, हॉटेलची तांबडी शिडी, बेकरीवाल्याचे दोन पिवळे ठिपके. आणि जी खूण कपड्यावर, तीच त्या घराच्या पिशवीवर. हौदात सगळ्या गावाचे कपडे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून फिरायचे, पण बाहेर आले की खूण बघायची आणि ज्याचा तो त्याच्या पिशवीत. भोंगी हातात सुई धरायला लागल्यापासून आबा तिला एकच सांगत आले होते. "खूण घातली की काळजी मिटली. खूण असलेलं काही माझ्या हौदातून हरवलेलं नाही. फिरून फिरून आपल्या घरी येतंच."

तर आता पोरीची भीती घालवायची होती, आणि आबांकडे ती घालवायला हौदाशिवाय दुसरं काय होतं?

दाराला टेकण म्हणून एक जुनी कोळशाची इस्त्री ठेवलेली असायची. वजनाला चांगली दणदणीत. आबांनी ती उचलली. "इकडे ये भोंगे. हा तुझा आभाळातला दगड. आणि हा समुद्र. बघ हं, पडला की काय होतं. डुबुक होईल आणि संपलं."

"आबा," मावशी म्हणाली, "मी इथे चादरी रचल्यात."

"तू तुझं काम कर."

आबांनी इस्त्री डोक्याच्या वर धरली आणि हौदात सोडली.

डुबुक झालं नाही. धडाम झालं. हौदातलं पाणी एका बाजूने उठलं, समोरच्या भिंतीला आपटून परत आलं, आणि काठावरून सरळ बाहेर पडलं ते इस्त्रीच्या टेबलावर. सकाळपासून घडी घालून रचलेल्या चादरी वरपासून खालपर्यंत भिजल्या. मावशीही भिजली. आबांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं.

मग भोंगी बारीक आवाजात म्हणाली, "बघा." आणि तिचे डोळे भरून आले.

मावशी नाकावरचं पाणी निपटत म्हणाली, "पटलं हो मला. मीही नाही बसत आता बोटीत."

आबा भीती घालवायला गेले आणि वर पुरावा देऊन बसले. संध्याकाळभर त्यांनी आणि मावशीने मिळून चादरी पुन्हा वाळत घातल्या, आणि भोंगी चिमटे देत राहिली.

दुसऱ्या दिवशी भरतीमास्तर आपले शर्ट न्यायला आले. हे बंदराच्या कचेरीत होते. धक्क्याच्या टोकाला एक छोटी खोली होती, तिथे पाणी किती चढलं, किती उतरलं ते मोजणारं यंत्र होतं, आणि त्याची देखरेख त्यांच्याकडे. माणूस शिकलेला, पण शिकलेपणाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर न ठेवणारा. आबांनी त्यांना स्टूल दिलं, चहा दिला आणि भोंगीला समोर उभं केलं.

"मास्तर, आमच्याकडे एक प्रश्न अडलाय. आभाळातून समुद्रात दगड पडला तर मोठी लाट येते का? मी काल दाखवायला गेलो तर घोटाळा झाला."

"कसा दाखवलात?"

मावशीने तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. मास्तर इतके हसले की चहा बशीत सांडला. मग भोंगीचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं आणि बशी खाली ठेवली.

"हे बघ," ते तिला म्हणाले, "तू विचारलंस ते अगदी बरोबर विचारलंस. मोठी माणसंही त्यावर अभ्यास करतात. आधी एक सांग, इस्त्री पडली तेव्हा पाणी बाहेर का आलं?"

"लाट आली म्हणून."

"लाट आली, पण तिला जायला जागा नव्हती. चारी बाजूंना भिंती. आबांचा समुद्र फार लहान, आणि दगड त्याच्या मानाने फार मोठा. खऱ्या समुद्रात उलटं आहे. आभाळातून जे येतं त्यातलं बहुतेक वरच जळून जातं. उरतो तो एवढासा तुकडा, मुठीएवढा, फार तर कलिंगडाएवढा. तोही हवेत अडून अडून मंद होतो. उंच मनोऱ्यावरून टाकलेला दगड यावा, तसा येतो. समुद्राला कळतही नाही. माझ्या यंत्राची सुई जागची हलणार नाही."

"आणि मोठा असला तर?"

आबांना वाटलं, आता मास्तर म्हणतील की मोठा नसतोच. पण मास्तर मुलांशी खोटं बोलणारे नव्हते.

"मोठा म्हणजे डोंगराएवढा? मग येईल. जिथे पडेल तिथे फार मोठी लाट उठेल. पण तिथून ती चहूकडे पसरत जाते आणि पसरता पसरता तिचा जीव कमी होत जातो. पडल्याचा बराचसा जोर तर पाण्याची वाफ करण्यातच संपतो. आणि असा डोंगर कधी पडतो? माणसाने लिहायला सुरुवात केल्यापासून समुद्रात तेवढा पडला आणि लाट आली अशी पक्की नोंद कुठे नाही. शिवाय आता दुर्बिणी लावून बसलेली माणसं आहेत. त्यांचं कामच ते. आभाळातल्या डोंगरांवर नजर ठेवायची."

भोंगी ऐकत होती. तिचे खांदे थोडे खाली आले. आबांच्याही जिवात जीव आला.

"आणि बोटीचं तर तू मनातून काढूनच टाक," मास्तर उठता उठता म्हणाले. "लांबून आलेली लाट खोल पाण्यात बोटीखालून निघून जाते. पाळणा हलावा तशी. आतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. उंच होते ती पाणी उथळ झालं की. म्हणजे किनाऱ्याशी आल्यावर."

"किनाऱ्याशी?" भोंगीने विचारलं.

"हो. बोटीला भीती कमीच."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, शर्ट काखोटीला मारले आणि गेले. रात्री जेवताना आईने पुन्हा विचारलं, "मग? बसणार ना बोटीत?" तेव्हा भोंगी म्हणाली, "बसेन." एवढंच. आईने आबांकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. आबांनीही सोडला, पण त्यांना तो पुरता सुटल्यासारखा वाटला नाही. बसेन म्हणताना पोरगी त्यांच्याकडे बघत होती, आणि हरवलेली वस्तू शोधावी तशी बघत होती.

दोन दिवस ती शहाण्यासारखी वागली. सामान भरू लागली. लाँड्रीत येऊन दोऱ्यांचा डबा घेऊन वरच्या खोलीत जाऊन बसायची. आबा म्हणायचे, "काय करतेस गं वर?" ती म्हणायची, "काम."

शुक्रवारी सकाळी मावशी आबांचाच शर्ट इस्त्रीला घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर लेकीला निरोप द्यायला जायचं, तर जरा बरा दिसावा माणूस. कॉलर उलटली आणि ती थांबली.

"आबा, स्वतःच्याच लाँड्रीत स्वतःच्याच शर्टाला खूण? चोर शिरलेत की काय घरात?"

"कसली खूण?"

"ही बघा. निळी."

आबांनी चष्मा लावला. कॉलरच्या आत निळ्या दोऱ्याचे चार टाके होते. तीन सरळ उभे, एक वाकडा. टाके ओबडधोबड, दोरा दोन ठिकाणी गुंतलेला. गावातल्या सगळ्या खुणा आबांच्या डोक्यात होत्या. ही त्यात नव्हती.

त्यांनी दोरीवरचा दुसरा शर्ट बघितला. त्यालाही तीच. बनियनला होती, स्वेटरला होती. रुमालाच्या कोपऱ्यात होती. मावशीने त्यांच्या टोपीत डोकावून बघितलं आणि टोपी तशीच त्यांच्या हातात दिली. मोज्यांनाही होती, जोडीतल्या प्रत्येक मोज्याला.

आबा जिना चढले. वरच्या खोलीत पूर्वी आबांची बायको कपड्यांना खळ करायची. ती गेल्यापासून आबा तिथे फारसे जात नसत. खाली बॉयलरच्या उबेला त्यांचा पलंग होता, तेवढं घर त्यांना पुरायचं. वर खिडकीशी भोंगी बसली होती, मांडीवर आबांचा जुना कोट. बाही उलटी करून टाके घालत होती.

आबा शेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"ही कुणाची खूण?"

"आपली."

"हे तीन कोण?"

"मी, आई, बाबा."

"आणि हा वाकडा?"

"तुम्ही. तुमची पाठ वाकडी आहे ना."

आबांनी मान डोलावली. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. "पण मला कशाला गं खूण? मी कुठे कुणाच्या हौदात जाणार आहे?"

भोंगीने सुई कोटात टोचून ठेवली. मग तिचा तो प्रसिद्ध आवाज अगदी एवढासा झाला. "आम्ही बोटीत असू. बोटीखालून लाट जाईल. पाळण्यासारखी. मास्तर म्हणाले. आणि मग ती किनाऱ्याला येईल. तुम्ही किनाऱ्यावर. खालीच झोपता. ती तुम्हाला घेऊन जाईल आणि कुणाला कळणारच नाही तुम्ही कुणाचे." तिने कोट घट्ट धरला. "खूण असली की परत येतं. तुम्हीच म्हणता."

आबांना तेव्हा कळलं की पोरीची भीती कधी बोटीत बसलीच नव्हती. ती पहिल्यापासून इथे, या गल्लीत, बॉयलरशेजारच्या पलंगाखाली दबा धरून होती. आणि आपण तिला हौदात शोधत बसलो.

त्यांचं एक मन म्हणालं, सांग तिला, नको जाऊस, राहा. किती सोपं होतं! पोरगी लगेच राहिली असती. आणि मग रोज रात्री या म्हाताऱ्याचा पहारा करत बसली असती.

"बघू," ते म्हणाले आणि कोट आपल्या मांडीवर घेतला. टाके बोटाने चाचपून बघितले. "खूण चांगली आहे. टाके घट्ट आहेत. पण काम अर्धंच केलंयस."

"अर्धं कसं? सगळ्या कपड्यांना घातली. चपलांना घालायला गेले तर सुई मोडली."

"कपड्याला घातलीस. पिशवीचं काय?"

"कसली पिशवी?"

"नुसत्या कपड्याला खूण असून काय उपयोग? समजा सापडला कुणाला हा वाकडा. त्याने खूण बघितली. मग? कुठे नेऊन टाकायचा? तीच खूण असलेली पिशवी कुठेतरी असायला नको का? आणि ती पिशवी हौदाच्या काठावर ठेवतो का आपण?"

"नाही. ओली होते. फळीवर ठेवतो."

"का?"

"म्हणजे कपडा बाहेर आला की ती कोरडी तयार पाहिजे."

"मग?"

भोंगीने स्वतःच्या फ्रॉककडे बघितलं. "म्हणजे मी पिशवी?"

"तू, आई, बाबा. तिघं मिळून. तिकडे नीट, कोरडी राहायचं. तीच खूण लावून." आबांनी दोऱ्याचा डबा पुढे ओढला. "मास्तर म्हणाले तेही खरं आहे, तसा डोंगर पडायचा नाही. मी म्हातारा असून मला त्याची भीती नाही. पण खूण असलेली बरी. ती काही फक्त लाटेसाठी नसते."

भोंगी विचारात पडली. मग तिने सौदा केला. नर्सची पोर ती, पथ्य सांगितल्याशिवाय कशी सोडणार? "मग तुम्ही खाली झोपायचं नाही. इथे वर झोपायचं."

"इथे? इथे थंडी वाजते."

"दोन पांघरुणं घ्या. लाँड्रीत पांघरुणं कमी आहेत का?"

"वर तुझ्या आजीच्या..." आबा म्हणता म्हणता थांबले. खिडकीतून ऊन येत होतं. खोलीत खळीचा जुना वास अजून होता, आणि तो त्यांना वाटला होता तितका बोचला नाही. "बरं बाई. वर तर वर."

"शप्पथ?"

"शप्पथ."

मग आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसले आणि भोंगीच्या कपड्यांना खुणा घालू लागले. आबांचे टाके सरळ, तिचे वाकडे. "आबा, वाकडा टाका तुम्ही सरळ घालताय," ती एकदा रागावली, आणि त्यांनी तो उसवून वाकडा घातला.

शनिवारी धक्क्यावर नेहमीची झुंबड. मावशी इस्त्री सोडून आली होती, पोरीसाठी खाऊचा पुडा घेऊन. भरतीमास्तर आपल्या खोलीतून बाहेर आले आणि भोंगीला म्हणाले, "यंत्राची सुई जरा जरी वेडीवाकडी हलली ना, तर मी आधी तुझ्या आबांच्या दारावर धडका मारणार."

"वरच्या दारावर मारा," भोंगी म्हणाली. "ते वर झोपतात आता."

आईने बापाला वाकून नमस्कार केला. वर उठताना ती आपल्या कोटाची कॉलर नीट करत होती, बोटाला काहीतरी लागलं म्हणून तिने उलटून बघितलं. चार निळे टाके. तिने लेकीकडे बघितलं, मग बापाच्या कॉलरकडे. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, तरी तिने विचारलं नाही. आबांची कॉलर मात्र तिने हाताने दोनदा सारखी केली, ती सारखीच असताना.

"ओरडू नकोस हं बोटीत," आबा भोंगीला म्हणाले.

"आता कशाला ओरडू?"

बोटीचा भोंगा वाजला. भोंगी कठड्याशी उभी राहून हात हलवत होती. मध्येच तिने फ्रॉकची कॉलर उलटी करून धरली आणि बोट दाखवलं. एवढ्या लांबून टाके कुठले दिसणार? आबांनीही आपली कॉलर उलटी करून दाखवली.

बोट वळली, बंदराच्या तोंडाशी गेली, लहान झाली. आबा धक्क्याच्या पायऱ्यांवर अगदी खाली उतरून उभे होते. बोट दिसेनाशी व्हायला लागल्यावर तिने मागे सोडलेली लाट संथपणे पायऱ्यांशी आली. बोटभर उंचीची. पहिल्या पायरीवर चढली, दुसरीवर चढली, आणि आबांच्या चपला भिजवून परत गेली.

"अहो, पाय मागे घ्या ना!" वरून मावशी ओरडली. "मोजे भिजले सगळे."

"भिजू दे," आबा म्हणाले. "तिकडूनच आली आहे."

मागून आणखी एक छोटी लाट येत होती. ती येऊन जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग पायऱ्या चढून मावशीजवळ आले आणि म्हणाले, "चल. गादीचं एक टोक धरायला ये. जिना अरुंद आहे."